पाळकसाहेबांचे पाहुणे

पाळकसाहेबांना इंग्रजी येतं, हे मला त्यांची दुभाषी म्हणून काम करता करता तिसऱ्या हिवाळ्यात कळलं. तोवर त्यांच्या वतीने बोलून बोलून मी माझा घसा बसवून घेतला होता.

तेव्हा मी तळेगावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. मळवली स्टेशनवर उतरून भाजे गावाकडे निघालं की एक वाडी लागते. तिच्या टोकाला मिशनचं बैठं घर होतं, शेजारी प्रार्थनेची खोली, आणि मागे पाहुण्यांसाठी पत्र्याची लांबलचक शेड. पाळकसाहेब आणि त्यांच्या पत्नी तिथे राहायचे. दोघंही मूळचे नगरकडचे, पण मावळात इतकी वर्षं काढलेली की इंद्रायणी तांदळाशिवाय दुसरा भात त्यांच्या घशाखाली उतरत नसे. दर हिवाळ्यात, भात काढून झाला की, कॅनडातल्या एका चर्चच्या तरुण संघाची पोरंपोरी त्यांच्याकडे यायची. त्यांना दुभाषी हवी होती आणि कुणीतरी माझं नाव सुचवलं. आमच्या घरी थोडी कुरकुर झाली. आई म्हणाली, "जा, पण गळ्यात काही घालून येऊ नकोस." मी परत आले तेव्हा गळा होता तसाच होता, हातात मात्र घेवड्याच्या शेंगांची भरलेली पिशवी होती. पुढच्या वर्षी आईनेच विचारलं, "अजून आलं नाही का बोलावणं?"

पाळकसाहेब उंच, वाकलेले, कायम पांढरा सदरा घालणारे. ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे सगळ्यांना "सलाम" म्हणायचे. शेतातून येणाऱ्या आबांना सलाम, आबांच्या म्हशीलाही सलाम. वाडीतली माणसं त्यांना फादर म्हणत. त्याचा त्यांना फार राग. "अहो, मी फादर नाही. फादर लग्न करत नाहीत. मी केलंय, विचारा हिला!" त्यावर पाळकीणबाई आतून म्हणायच्या, "केलंय म्हणे! कुणाला पत्ता आहे का?" आणि वाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा फादरच म्हणायची.

इतक्या वर्षांत वाडीतलं एकही घर ख्रिस्ती झालं नव्हतं. रविवारी उपासनेला यायची ती लोणावळ्या-कामशेतची, रेल्वेतली आणि कारखान्यांतली, आधीपासूनचीच ख्रिस्ती कुटुंबं. आबा त्यांना चिडवायचे. आबा म्हणजे वाडीतले जुने शेतकरी, मिशनच्या घराचे सख्खे शेजारी. "सायेब, तुमचा देव लय धीराचा हाय बगा."

"तुमच्या शेजारी राहायचं म्हणजे धीर लागतोच, आबा," पाळकसाहेब म्हणायचे.

पाहुण्यांच्या बाबतीत मात्र या माणसाचे कायदे पोलिसांपेक्षा कडक. पहिला कायदा, स्टेशनवरून चालत यायचं. गट पुण्याला उतरला की लोणावळा लोकलने मळवलीला यायचा, आणि तिथून पाठीवर बॅगा घेऊन वाडीपर्यंत पायी. मोटारीने आलेलं माणूस उतरत नाही, नुसतं सामान उतरतं, असं त्यांचं म्हणणं. दुसरा कायदा, धर्माचा प्रचार करायचा नाही. "तुम्ही फिरायला आलेली माणसं आहात. पोलीस ठाण्यात तसंच लिहून दिलंय आणि तसंच वागायचं." मग या उत्साही पोरांनी करायचं काय? त्यांना तर काहीतरी करून जायचं असतं. जगाच्या दुसऱ्या टोकाला जायचं आणि हात न मळता परतायचं, हे त्यांना लाजिरवाणं वाटतं. त्यासाठी पाळकसाहेबांनी एक भिंत राखून ठेवली होती.

मिशनच्या आवाराची पुढची भिंत. दर वर्षीचा गट ती रंगवायचा. एका वर्षी निळी, एका वर्षी पिवळी, एकदा तिच्यावर हत्ती काढले, एकदा इंद्रधनुष्य. पोरं परत गेली की दिवाळीपर्यंत ती तशीच असायची, आणि दिवाळी झाली की पाळकसाहेब खरवडणी घेऊन स्वतः ती घासायला बसायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थक्क झाले. चांगला शाबूत रंग हे का काढताहेत?

"पुढच्यांना काय ठेवू मग?" ते म्हणाले. "पाहुण्याचे हात रिकामे ठेवू नयेत, बाई. रिकाम्या हाताचा माणूस दुसऱ्याच्या घरात काय काय दुरुस्त करायला निघेल, सांगता येत नाही."

आणि तिसरा कायदा जेवणाचा. त्यावरच हे सगळं सांगायला बसले आहे.

गटातल्या कुणीही मिशनच्या घरी जेवायचं नाही. सकाळचा चहा तेवढा तिथे. दुपारी आणि संध्याकाळी एकेका घरी दोघं दोघं, वाडीत आणि पलीकडे भाज्यापर्यंत. जमिनीवर बसायचं, ताटात येईल ते खायचं, नको असेल तर दोन्ही हात जोडायचे, नाक मुरडायचं नाही. याला कारण होतं. अगदी सुरुवातीच्या एका गटाने सगळे दिवस मिशनच्या घरी, बाटलीतलं पाणी आणि डब्यातलं खाणं खाऊन काढले. त्या वर्षी आबांच्या मंडळींनी घर सारवून, नवी चादर अंथरून, पाहुणे येतील म्हणून तांदळाच्या भाकरी करून ठेवल्या होत्या. कुणी गेलंच नाही. संध्याकाळी आबा येऊन एवढंच म्हणाले, "आमच्यात काय कमी हाय का, सायेब?" पाळकसाहेब म्हणायचे की इतकी वर्षं प्रवचनं केली, पण मला कुणी प्रवचन दिलं असेल तर ते आबांनी. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, की पाहुणे येतील ते गावाचे. देणारं गाव, घेणारे पाहुणे.

हा कायदा अतिशय चांगला होता, असं मला आजही वाटतं. कॅनडाहून गरिबांना काहीतरी द्यायला आलेली पोरं चार दिवसांत वाडीतल्या बायकांना घाबरायला लागायची. "मॅडम, त्यांना सांगा ना, पुरे." मी सांगायचे. त्यावर ताटात आणखी एक भाकरी. "पुरं म्हनत्यात ते लाजून म्हनत्यात," असं मला उलट समजावलं जायचं. परत जाताना ती पोरं रडायची, आणि भिंतीसाठी नाही, जेवू घातलेल्या बायकांसाठी.

इंग्रजीचं सांगायचं राहिलंच. गटासमोर पाळकसाहेब फक्त मराठीत बोलत. मी त्याचं इंग्रजी करायचे, पोरं बोलली की मराठी करायचे. मी कुठे घाईत काही गाळलं की ते खोकायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला सर्दी आहे. मग तिसऱ्या हिवाळ्यात गटातल्या एका मुलीची आजी तिकडे वारली. दुपारी मी तिला शोधत शेडच्या मागे गेले, तर हे चिंचेखाली तिच्याशेजारी बसून तिच्याशी बोलत होते. संथ, स्वच्छ, माझ्यापेक्षा बरं इंग्रजी. माझा पारा चढला. ती मुलगी आत गेल्यावर मी म्हणाले, "तीन वर्षं मला वेड्यासारखं बडबडायला लावलंत!"

"रागावू नका, बाई. एकदा ऐकलेलं माणूस विसरतो, दोनदा ऐकलेलं राहतं. शिवाय तुम्ही बोलत असता तेव्हा मला पोरांचे चेहरे बघायला मिळतात."

"मग आत्ता का बोललात?"

"रडणाऱ्या माणसाला दुभाष्या लावत नाहीत."

अशा माणसावर फार वेळ रागावता येत नाही. पाळकीणबाईंनी मात्र त्या संध्याकाळी मला चहा देताना हळूच म्हटलं, "दुसऱ्यांच्या पोरांचं त्यांना बरोबर कळतं." तेव्हा मला त्यात काही खोच असेल असं वाटलं नाही.

त्यांना एकच मुलगा. वाडीतल्या पोरांबरोबर वाढला, भाज्याच्या शाळेत गेला, आबांच्या विहिरीत पोहायला शिकला. पुढे शिकायला कॅनडाला गेला, तिथेच राहिला, तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं. लग्न फोनवर पाहिलं, असं पाळकीणबाई सांगायच्या. मध्येच नेट गेलं आणि आलं तेव्हा नवरानवरी केक कापत होती. कितीतरी वर्षांत तो घरी आला नव्हता. आधी कागदपत्रं अडकली होती, मग नोकरी नवी होती, मग घर घेतलं.

आणि एका हिवाळ्यात निरोप आला, की यंदाच्या गटाबरोबर त्याचा पुढारी म्हणून तोच येणार आहे.

पाळकीणबाईंचा पाय जमिनीवर ठरेना. मी आधीच्या रविवारी सहज गेले, तर स्वयंपाकघरात हुलग्याचं पीठ दळून आलेलं, लसूण सोलून ठेवलेला. मुलाला लहानपणापासून हुलग्याचे शेंगोळे आवडायचे. हाताने वळायचे आणि उकळत्या रश्श्यात सोडून, गरम गरम, वाटीत वाढायचे. "तिकडे काय मिळणार त्याला हे? सून बिचारी चांगली आहे, पण तिला काय माहीत हुलगे."

पाळकसाहेब दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "गटाबरोबर येणारा गटाबरोबर जेवतो."

"तो काय पाहुणा आहे?"

"यंदा आहे. बाकीची पोरं काय म्हणतील? आम्हाला लोकांच्या घरी धाडतात आणि स्वतःच्या मुलाला घरात ताट. हा नियम मी केलाय, तो माझ्या घरापासून मोडू?"

पिठाचा डबा झाकून बाईंनी वरच्या फळीवर ठेवला.

मी मध्ये पडले. तेवढी मी आगाऊ आहेच. म्हटलं, एखादा दिवस तरी ठेवा. बरीच हुज्जत झाल्यावर शेवटच्या दिवसावर तडजोड झाली. शेवटच्या दिवशी सकाळी गट लोणावळ्याला चिक्की घ्यायला जाई आणि तिथेच हॉटेलात जेवून दुपारी परत येई. त्या दिवशी गावात कुणाचीच पाळी नसे. तेव्हा मुलाने लोणावळ्याला न जाता मागे राहायचं आणि आईकडे जेवायचं.

तो आला. स्टेशनवरून चालत, पाठीवर बॅग, सगळ्यांच्या पुढे. वाडीतल्या बायकांनी त्याला रस्त्यातच अडवला. "किती रे पांढरा झालास!" "मला वळखलं का?" जेवायला कुणाकडे जाणार यावरून घराघरांत चढाओढ लागली. जो तो म्हणे, पोर आमच्याच अंगणात खेळलंय. पाळकसाहेबांनी वाटणी केली आणि रोज दोन्ही वेळेला त्याला कुणा ना कुणाकडे पाठवला. मी पाहत होते ना. तो मिशनच्या घरावरून जाताना आत डोकावायचा, "आई, येतो गं," आणि बाई पदराला हात पुसत दारात यायच्या. सकाळचा चहा गटाबरोबर, पंधरा जणांच्या घोळक्यात. बापलेकांचं बोलणं तर मजेशीर आणि अवघड, दोन्ही. गटासमोर मुलगा इंग्रजीत बोलायचा, कारण सगळ्यांना कळायला हवं. वडील मराठीत उत्तर द्यायचे, कारण तो त्यांचा कायदा. आणि मी मध्ये उभी राहून बापाचं लेकाला सांगायचे. एकदा मुलगा हसून म्हणाला, "मॅडम, एवढं मला कळतं हं." सगळे हसले. पाळकसाहेबही हसले, पण पुढचं वाक्यही त्यांनी माझ्याकडेच बघून टाकलं.

त्या वर्षी एका घरी मात्र पाहुणा गेला नव्हता. आबांच्या. त्यांचा चुलतभाऊ गट यायच्या जरा आधी वारला आणि घरात सुतक लागलं. सुतकाच्या घरी पाहुण्यांना कसं जेवू घालणार? दर वर्षी पहिली पाळी आबांची, आणि यंदा ते आपल्या ओट्यावर बसून पोरांना दुसऱ्यांच्या घरी जाताना बघत. त्यातून मेलेला तो भाऊ म्हणजे ज्याने आमच्या पाळकांच्या मुलाला विहिरीत पोहायला शिकवलं होतं तोच.

शेवटचा दिवस उजाडला. गट लोणावळ्याला गेला. चिक्की घ्यायला दुभाषी लागत नाही, म्हणून मी मागेच राहिले. पाळकीणबाई न्हाऊन, ठेवणीतली साडी नेसून चुलीशी बसल्या होत्या. गॅस होता, पण शेंगोळे चुलीवरचे. मुलगा त्यांच्याजवळ पाटावर बसून लसूण ठेचत होता आणि लहानपणीच्या खोड्या सांगत होता. बाई इतक्या मोकळ्या हसताना मी कधी पाहिल्या नव्हत्या. पाळकसाहेब बाहेर खुर्चीत पेपर वाचत होते, म्हणजे एकच पान धरून बसले होते. लसणाचा वास आवारात आला होता. रस्सा उकळला आणि बाईंनी पहिले शेंगोळे त्यात सोडले.

तेवढ्यात फाटकाशी आबा. डोकं भादरलेलं, धुतलेलं धोतर.

"सायेब, आज सुतक फिटलं. आज गोडाचं जेवान हाय घरात."

"बरं झालं, आबा. बसा."

"बसत न्हाई. कुनीतरी द्या जेवायला. यंदा आमच्या घरी येकबी पावना आला न्हाई. आज सुतक फिटल्यावर पैलं पान पावन्याचं वाढलंय, घरात कुनी घास घेतला न्हाई अजून." आणि मग त्यांचं आत लक्ष गेलं. चुलीपाशी बसलेला मुलगा दिसला. ते त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना त्यांचा भाऊ आठवला असणार.

पाळकसाहेब उठून उभे राहिले. त्यांना म्हणता आलं असतं, चला, मी येतो. त्यांना म्हणता आलं असतं, आबा, आज त्याच्या आईने केलंय, तो संध्याकाळी... नाही, संध्याकाळी तर तो विमानतळावर असणार होता. पण मी येतो, एवढं तर म्हणता आलंच असतं. मी डोळ्यांनी त्यांना खुणावलंसुद्धा. त्यांनी बाईंकडे पाहिलं. "जा" हे बाईंनीच म्हणावं म्हणून ते थांबलेत, हे मला लख्ख दिसत होतं.

बाई म्हणाल्या, "आबा, थोड्या वेळानं धाडला तर?"

"पानं वाढलीत, वैनी."

दारात आलेल्या माणसाला, त्यातून मर्तिकातून उठलेल्या माणसाला, परत कसं लावायचं? हे त्या घरात कुणाला जमलं नसतं, आणि सगळ्यांत कमी बाईंना. त्यांनी पळी खाली ठेवली. "जा रे. आबा उभे आहेत."

"थोडंच खाऊन येतो, आई. तुझ्यासाठी जागा ठेवतो पोटात."

"हो. जा."

तो गेला. बाईंनी चुलीतली लाकडं मागे ओढली. आम्ही तिघं बसलो. मध्येच पाळकसाहेब म्हणाले, "आबांचं मन राहिलं." बाई म्हणाल्या, "हो ना."

थोडंच खाऊन उठणं काही त्याला जमलं नाही. नंतर त्याने सांगितलं, ताटावर आबांची बायको समोर बसली आणि मेलेल्या दिराच्या आठवणी सांगून रडायला लागली. तुझं नाव घ्यायचा, म्हणाली. अशा वेळी हात कसा धुवायचा? पुरणपोळी वाढली, दुसरी वाढली, वर दूध. तो परत आला तेव्हा मुंबईच्या विमानतळाला जायची बस फाटकाशी उभी होती, लोणावळ्याहून आलेली पोरं चिक्कीच्या पिशव्या सांभाळत चढत होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. एक्सप्रेसवेवर घाटात गर्दी आहे, लवकर निघा, असा त्याचा घोषा.

बाई वाटी घेऊन दारात. "दोनच घास."

"आई, अगं घशापर्यंत आलंय. आता एक घास गेला तर बसमध्ये..." त्याने पोटावर हात ठेवला, मग आईला मिठी मारली. "पुढच्या वेळी. पुढच्या वेळी आधी तुझ्याकडेच."

"हो बाळा."

पाळकसाहेबांनी गटाला नेहमीचं निरोपाचं भाषण केलं. तुम्ही या गावाचं मीठ खाल्लंय, ते विसरू नका, वगैरे. मी त्याचं इंग्रजी केलं. मग पोरांना विमानतळापर्यंत पोचवायचं म्हणून मीही बसमध्ये चढले. खिडकीतून मला पाळकसाहेब रस्त्यापर्यंत चालत आलेले, हात हलवताना दिसले. बाई आत गेल्या होत्या.

त्या पावसाळ्यात सून गरोदर असल्याचं कळलं आणि बाई बाळंतपणाला कॅनडाला गेल्या. सगळ्याच सासवा-आया जातात, त्यात वेगळं काही नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा त्या सामान बांधत होत्या. हुलग्याच्या पिठाची पिशवी कपड्यांच्या मधोमध. मी म्हटलं, लवकर या, साहेबांचं कसं होईल. त्या म्हणाल्या, "त्यांना अख्खं गाव आहे. मला एक घर पुरे. तिकडे माझ्या चुलीला कुणाची पाळी लागणार नाही." आणि मग लगेच, मला वाईट वाटू नये म्हणून, हसल्या.

सहा महिन्यांसाठी गेलेल्या बाई परत आल्या नाहीत. भांडण नव्हतं, रुसवाही नव्हता. नातू लहान होता, मग तो पाळणाघरात रमेना, मग मुलाने तिथे राहण्याचे कागद करून दिले. मुलगा वडिलांनाही बोलवत होता. ते म्हणायचे, इथल्या उपासना कोण घेणार? नवा पाळक आला की येतो. नवा पाळक कुणी धाडला नाही, आणि त्यांनी मागितला असेल असं मला वाटत नाही.

गट यायचे तसे येत राहिले, भिंत रंगत राहिली. पण पाळकसाहेब उतरले. भाषणात वाक्य अर्धवट सोडायचे आणि मी पुढचं काय म्हणून वाट बघायचे. आबा म्हणाले, "सायेब, वैनी न्हाईत तर तुमीच येत जावा की जेवायला. तुमी काय परकं हाय का?" मग ते स्वतःच गावात जेवायला लागले, आज इथे, उद्या तिथे. वाडीतल्या बायका त्यांना ताटावर बसवून आग्रह करायच्या आणि ते दोन्ही हात जोडायचे. घरातली चूल पुन्हा पेटली नाही. तिच्यात त्यांनी जुने पेपर रचून ठेवले होते.

एकदा सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मी गेले होते. आता पाळकसाहेब हयात नाहीत. हे त्यांच्या शेवटच्या आधीच्या हिवाळ्यातलं. भिंत घासून नुकतेच बसले होते. सदऱ्यावर पिवळा भुगा. एकदम म्हणाले, "बाई, मी सगळ्या गावाला यजमान केलं. एक आमच्या हिला तेवढं करता आलं नाही."

त्यांनी सदऱ्यावरचा भुगा झटकला.

"नियम खरा होता. अजून म्हणतो, खरा होता. पण त्या दिवशी आबांकडे मी जायचं होतं. माझे पाय होते ना. मी जायचं होतं."

"हे बाईंना सांगितलंत?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "तुम्ही सांगाल? आता ती उठली असेल. तुम्ही नीट सांगता. मी फोन लावून देतो."

मला भडभडून आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "नाही सांगणार. जन्मभर एका भाषेत संसार केलात तुम्ही दोघांनी. मी कशाला मध्ये?"

त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन लावला. स्पीकर चालू केला. त्यांना फोन कानाला धरून ऐकू येत नसे. मी उठायला लागले, तर त्यांनी हातानेच बसा म्हणून खूण केली. पलीकडून बाईंचा आवाज आला, झोपेतून उठल्यासारखा. ते आधी आबांच्या म्हशीचं बोलले. मग भिंतीचं, यंदा रंग कोणता आणायचा त्याचं. बाई हं हं करत होत्या. मग ते थांबले. मला वाटलं, आता ठेवतात.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "तू शेंगोळे केले होतेस."

पलीकडे भांड्यांचा आवाज. "केले होते."

"कसे झाले होते?"

"मला काय माहीत," बाई म्हणाल्या. "मी कुठे खाल्ले? तो गेल्यावर पातेलं तसंच उचललं आणि आबांच्या म्हशीपुढे ओतलं. तुम्ही रस्त्यावर हात हलवत होतात."

पाळकसाहेबांनी फोन टेबलावर ठेवला, पण बंद केला नाही. तिकडे बाईंनीही बंद केला नाही. एक लहान मूल इंग्रजीत काहीतरी मागत होतं आणि बाई त्याला मराठीत, थांब, देते, म्हणत होत्या. आम्ही दोघं ते ऐकत बसलो.